कुठली मुंबई? आकडेवारीतल्या हद्दी ओळखायला शिकताना

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या किती? ३०,८५,४११. आणि १,२४,४२,३७३. आणि १,८३,९४,९१२ सुद्धा. तिन्ही आकडे एकाच जनगणनेचे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. पहिला मुंबई शहर जिल्ह्याचा, दुसरा महापालिकेच्या हद्दीतल्या बृहन्मुंबईचा, तिसरा बदलापूरपर्यंत पसरलेल्या नागरी समूहाचा.

वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना मी आकडेवारी वाचायला शिकवते. त्यातले बरेचजण मुंबईतही नवे असतात आणि तक्त्यांनाही. त्यांच्यासाठी फळ्यावर जे लिहिते, तेच इथे सविस्तर मांडते आहे. मी स्वतः हे चूक करूनच शिकले. सुरुवातीच्या काळात एका अहवालासाठी बालवाड्यांची गरज काढायची होती. जिल्ह्यांच्या तक्त्यात 'मुंबई' अशी ओळ दिसली, ती उचलली आणि पुढचा सगळा हिशोब केला. गोवंडी, मालवणी, कुर्ला, भांडुप इथली सगळी मुलं त्या हिशोबातून गळली होती. छपाईला जाण्याआधी एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी विचारलं, "ही कुठली मुंबई?" जनगणनेच्या जिल्हानिहाय तक्त्यात 'मुंबई' म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा शहर जिल्हा. वांद्रे आणि कुर्ल्यापासून दहिसर, मुलुंडपर्यंतचा भाग 'मुंबई उपनगर' या वेगळ्या ओळीत येतो. हा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० ला वेगळा झाला आणि २०११ मध्ये तिथे ९३,५६,९६२ माणसं राहत होती, म्हणजे शहर जिल्ह्याच्या तिप्पट. त्या बाईंचा प्रश्न तेव्हापासून मी प्रत्येक तक्त्याला विचारते.

पहिली पायरी: उतरंड नीट समजून घ्या

आपल्याकडे मोजणीची मुख्य उतरंड प्रशासनाच्या उतरंडीवरच उभी आहे. देश, राज्य, जिल्हा, तालुका, आणि त्याखाली गाव किंवा शहर. शहर असेल तर त्याचे वॉर्ड. २०११ च्या जनगणनेत देशात ६४० जिल्हे होते, महाराष्ट्रात ३५. महाराष्ट्रात जिल्ह्यांच्या वर सहा महसुली विभागही आहेत. मुंबईचे दोन्ही जिल्हे कोकण विभागात येतात.

सगळ्यात खाली असतो प्रगणन गट. एका प्रगणकाला ठरलेल्या दिवसांत दारोदार फिरून पुरा करता येईल एवढा तुकडा, साधारण सहाशे ते आठशे वस्तीचा. प्रगणक म्हणजे बहुतेकदा शाळेतल्या शिक्षिका किंवा शिक्षक. ते आधी आपल्या गटाचा नजरी नकाशा काढतात. नाला कुठे, रेल्वेची भिंत कुठे, देऊळ कुठे, चाळीला किती मजले. मग घरांना क्रमांक देतात आणि त्यानंतर माणसं मोजतात. दाटीच्या वस्तीत पोटमाळ्यावर वेगळं कुटुंब राहतं की खालचंच, हे त्यांनाच ठरवावं लागतं. पुढचे सगळे मोठे आकडे या कामातून उभे राहतात.

या तळाच्या तुकड्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गट जोडून मोठा प्रदेश करता येतो, गट फोडून लहान करता येत नाही. तुम्हाला हवी असलेली हद्द गटाच्या मधून जात असेल, तर अचूक आकडा मिळणारच नाही, अंदाजच करावा लागेल. आणि अंदाज केला असेल तर अहवालात तसं लिहायला हवं.

मुंबईत या उतरंडीत एक पोकळी आहे. शहर जिल्ह्यात तालुकेच नाहीत. उपनगर जिल्ह्यात तीन आहेत: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. २०११ मध्ये दोन्ही जिल्हे संपूर्ण नागरी होते. त्यामुळे नाशिक किंवा साताऱ्याच्या तक्त्यांवर हात बसलेला माणूस इथे 'ग्रामीण' रकाना शोधतो आणि तो रिकामा बघून गोंधळतो. तक्ता बरोबर आहे. इथे जिल्ह्यावरून थेट वॉर्डात उतरायचं.

दुसरी पायरी: एकमेकींवर न बसणाऱ्या हद्दी वेगळ्या ठेवा

प्रत्येक खात्याने आपल्या कामासाठी हद्दी आखल्या आहेत आणि त्या एकमेकींवर बसतील असं कुणी कधी ठरवलेलं नाही. दोन उदाहरणं देते.

दक्षिण-मध्य मुंबई लोकसभा मतदारसंघात धारावी, शीव-कोळीवाडा, वडाळा आणि माहीम हे शहर जिल्ह्यातले विधानसभा मतदारसंघ आहेत, तर चेंबूर आणि अणुशक्तीनगर हे उपनगर जिल्ह्यातले. म्हणजे जिल्ह्याचे आकडे घेऊन या मतदारसंघाबद्दल काही बोलायचं, तर दोन जिल्ह्यांचे अर्धेमुर्धे तुकडे जोडावे लागतात.

दुसरं उदाहरण पिनकोडचं. ४०० ने सुरू होणारा पिन म्हणजे मुंबई, असं अनेकजण धरून चालतात. ठाण्याचा पिन ४००६०१ आहे, वाशीचा ४००७०३. पिनकोड टपाल वाटण्यासाठी १९७२ मध्ये सुरू झाले, माणसं मोजण्यासाठी नाही. ऑनलाइन अर्जांतून जमा झालेली माहिती 'मुंबईकरांची' म्हणून मांडताना पिनवरून निवड केलीत, तर त्यात ठाणेकर आणि नवी मुंबईकर नकळत येऊन बसतात.

म्हणून काम सुरू करताना कागदावर एक ओळ लिहायची: मला हवा असलेला आकडा कुठल्या हद्दीत हवा आहे, आणि मिळालेला आकडा कुठल्या हद्दीतला आहे. बाकी घाई नंतर करा.

तिसरी पायरी: वॉर्ड

'वॉर्ड' हा शब्द मुंबईत दोन अर्थांनी चालतो. पाण्याची तक्रार घेऊन आपण 'वॉर्ड ऑफिस'ला जातो तो प्रशासकीय वॉर्ड: ए, बी, सी, डी करत टी पर्यंत, काहींना पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण अशी जोड. नगरसेवक निवडून येतो तो निवडणूक प्रभाग, ते आहेत २२७. प्रभागांच्या हद्दी नव्या रचनेत बदलतात, त्यामुळे दोन निवडणुकांमधला एकाच क्रमांकाचा प्रभाग ही एकच जागा असेल असं समजू नका.

२०११ च्या आकड्यांसाठी २४ प्रशासकीय वॉर्डांची विभागणी वापरली जाते: शहरात ९, उपनगरात १५. त्यांचे आकार एकसारखे अजिबात नाहीत. मशीद बंदर-डोंगरीचा बी वॉर्ड १,२७,२९० लोकसंख्येचा, तर मालाडचा पी-नॉर्थ ९,४१,३६६ चा. सातपटीहून जास्त फरक. बी वॉर्डात एखाद्या आजाराचे ५० रुग्ण आणि पी-नॉर्थमध्ये ५० रुग्ण, या दोन बातम्या सारख्या नाहीत. वॉर्डांची तुलना करताना दर लाखामागे किती हे काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि आता पी-नॉर्थचे पी-ईस्ट आणि पी-वेस्ट असे दोन वॉर्ड झाले आहेत. नव्या तक्त्यातला पी-वेस्ट जुन्या पी-नॉर्थशेजारी ठेवलात तर मालाडची निम्मी वस्ती कुठे गेली, असा प्रश्न पडेल.

जी-नॉर्थवर मी नेहमी थांबते. २०११ मध्ये ५,९९,०३९ माणसं. या एका वॉर्डात दादर आहे, शिवाजी पार्क आहे, माहीम आहे आणि धारावीही आहे. घरात नळ आहे का, स्वतःचं शौचालय आहे का, खोलीत किती माणसं झोपतात, अशा कुठल्याही गोष्टीची या वॉर्डाची सरासरी काढा. येणारा आकडा शिवाजी पार्कच्या घराचा नसतो आणि धारावीच्या घराचाही नसतो. तो आकडा ज्याचा आहे असं घर त्या वॉर्डात शोधूनही सापडायचं नाही. आणि तरी त्याच आकड्यावरून धारावीला किती शौचालयं लागतील हे ठरवलं, तर ती कमी पडणार आहेत, आणि पहाटे रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका त्याची किंमत मोजणार आहेत. हे मला फार लागतं. म्हणून सांगते, जिथे जिथे खालच्या पातळीचा आकडा उपलब्ध आहे, तिथे वरच्या सरासरीवर समाधान मानू नका. तो नसेल तर वॉर्डाच्या सरासरीशेजारी, या वॉर्डात कोणकोणत्या वस्त्या आहेत, ते दोन ओळींत लिहा.

चौथी पायरी: 'शहर' हा शब्द तपासा

जनगणनेत शहर दोन वाटांनी होतं. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत, छावणी असा कायद्याने दर्जा असेल तर ते वैधानिक शहर. तसा दर्जा नसला, कारभार ग्रामपंचायतीचाच असला, तरी तीन अटी पुऱ्या झाल्या की जनगणनेपुरतं ते शहर धरलं जातं, त्याला 'जनगणना शहर' म्हणतात. अटी अशा: लोकसंख्या किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि घनता चौरस किलोमीटरला किमान ४००. अशी शहरं २००१ मध्ये देशात १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढलेल्या शहरीकरणाचा एक मोठा वाटा सरपंचांच्याच गावांत घडला. कामगारांच्या अटीत फक्त पुरुष का, हा प्रश्न वर्गात दरवेळी येतो आणि तो यायलाच हवा. व्याख्येत कोण धरलं आहे हे माहीत असल्याशिवाय तिच्यातून निघालेला आकडा पूर्ण कळत नाही.

लागून लागून वाढलेली शहरं एकत्र मोजली की नागरी समूह होतो. त्यातलं किमान एक शहर वैधानिक असावं लागतं आणि वस्ती सलग असावी लागते. बृहन्मुंबई नागरी समूहात २०११ मध्ये आठ शहरं होती: बृहन्मुंबई १,२४,४२,३७३, ठाणे १८,४१,४८८, कल्याण-डोंबिवली १२,४७,३२७, नवी मुंबई ११,२०,५४७, मीरा-भाईंदर ८,०९,३७८, उल्हासनगर ५,०६,०९८, अंबरनाथ २,५३,४७५ आणि बदलापूर १,७४,२२६. बेरीज करा, बरोबर १,८३,९४,९१२ येते. ही बेरीज मी प्रत्येक नव्या गटाकडून हाताने करून घेते. मोठा आकडा कशाकशाचा बनला आहे हे एकदा स्वतः जुळवून पाहिलं की तो पुन्हा कधी नुसता आकडा म्हणून दिसत नाही.

आता यादीत कोण नाही ते पाहा. वसई-विरार नाही. १२,२२,३९० लोकसंख्येचं ते शहर २०११ मध्ये स्वतंत्र मोजलं गेलं. भिवंडीचाही वेगळा नागरी समूह होता. रोज चर्चगेटची फास्ट पकडणारा विरारकर त्या वर्षीच्या मुंबई नागरी समूहात नाही आणि बदलापूरकर आहे. लोकलच्या प्रवासाबद्दल लिहिताना नागरी समूहाचा आकडा घेतलात, तर पश्चिम रेल्वेवरची सगळ्यात घट्ट भरलेली गाडीच हिशोबाबाहेर राहील.

याहून मोठं वर्तुळ म्हणजे मुंबई महानगर प्रदेश, इंग्रजी लघुरूपात एमएमआर. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, नियोजनाची ती हद्द आहे आणि तिच्यात वसई, विरार, भिवंडी, पनवेल सगळं येतं. ही हद्दही नंतर वाढवली गेली, म्हणून 'एमएमआर' असं लिहिलेला आकडा कुठल्या वर्षीच्या हद्दीचा, हे विचारायचंच.

पाचवी पायरी: नमुना पाहणीचे प्रदेश वेगळे असतात

जनगणना घराघरात जाते. बेरोजगारी, खर्च, आजारपण यांची माहिती मात्र मुख्यतः नमुना पाहणीतून येते. थोडी घरं निवडायची आणि त्यांवरून मोठ्या प्रदेशाचा अंदाज बांधायचा. एका जिल्ह्यातली निवडलेली घरं फार थोडी असली तर त्या जिल्ह्याचा अंदाज डळमळीत होतो. म्हणून राष्ट्रीय नमुना पाहणीने राज्याच्या आत, सारखं हवामान, सारखी जमीन, सारखी पिकं आणि वस्तीची घनता पाहून जिल्ह्यांचे गट केले. महाराष्ट्रात असे सहा प्रदेश आहेत: किनारी, अंतर्गत पश्चिम, अंतर्गत उत्तर, अंतर्गत मध्य, अंतर्गत पूर्व आणि पूर्व.

मुंबई किनारी प्रदेशात आहे. सोबत ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. भात आणि पाऊस यांच्या दृष्टीने हे गणित समजतं. पण 'किनारी महाराष्ट्र, नागरी' अशा रकान्यातला आकडा प्रामुख्याने मुंबई-ठाण्याचा असतो, आणि सावंतवाडीचा माणूस तो आपल्या गावाचा समजून वाचत असेल तर त्याची फसगत होते. उलट 'किनारी, ग्रामीण' या रकान्यात मुंबईचं एकही घर नसतं.

शहरात नमुन्यासाठी घरं निवडायची तर यादी लागते. त्यासाठी नागरी चौकट पाहणीचे स्वतःचे गट असतात, जनगणनेच्या प्रगणन गटांपेक्षा वेगळे आखलेले. दोन्ही इंग्रजीत 'ब्लॉक'च म्हटले जातात. एकाचा क्रमांक दुसऱ्यात शोधत बसू नका. जानेवारी २०२५ पासून श्रमबल पाहणीची, म्हणजे पीएलएफएसची रचना बदलली आणि नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला जाऊ लागला. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवताना हा बदल तळटीपेत लिहा.

युरोपीय संघाने या कामासाठी सगळ्या सदस्य देशांना एकच मोजपट्टी दिली आहे. तिथे प्रदेशांच्या तीन पातळ्या लोकसंख्येवरून ठरतात. सर्वांत मोठी पातळी ३० ते ७० लाखांची, मधली ८ ते ३० लाखांची, खालची दीड ते ८ लाखांची. आपला उपनगर जिल्हा त्यांच्या सर्वांत मोठ्या पातळीतही मावत नाही. आपल्याकडे लोकसंख्येवर बांधलेली अशी पट्टी नाही. त्यामुळे भारतातला 'जिल्हा' हा शब्द पाहून दोन जिल्हे तुलनेला बसवण्याआधी त्यांची लोकसंख्या पाहायची सवय लावून घ्या.

सहावी पायरी: काळाबरोबर हद्द हलते

१ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके तिकडे गेले. २०११ च्या तक्त्यातला ठाणे जिल्हा १,१०,६०,१४८ लोकांचा आहे; त्यातले २९,९०,११६ आजच्या पालघरचे आणि ८०,७०,०३२ आजच्या ठाण्याचे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत जिल्हे २०११ चेच होते, म्हणजे 'ठाणे' मध्ये जव्हार-मोखाड्याची आदिवासी गावंही होती. २०१९-२१ च्या फेरीत पालघर स्वतंत्र आहे. दोन्ही फेऱ्यांमधले 'ठाणे' शेजारी ठेवून कुपोषण घटलं असं कुणी म्हणालं, तर त्यातली किती घट खरी आणि किती नुसती हद्द सरकल्याने दिसते, हे वेगळं काढावं लागेल. जव्हारची मुलं सुधारलेली नसतील. ती दुसऱ्या ओळीत गेली असतील.

उपाय सोपा, फक्त कष्टाचा: जुन्या वर्षाचे तालुके घेऊन नव्या जिल्ह्यांप्रमाणे पुन्हा बेरीज करायची.

काही वेळा हद्द जागच्या जागी असते, आणि ती निवडल्यामुळेच गोष्ट बदलते. २००१ ते २०११ मध्ये शहर जिल्ह्याची लोकसंख्या ७.५७ टक्क्यांनी घटली, उपनगराची ८.२९ टक्क्यांनी वाढली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी. नुसतं शहर पाहिलं तर मुंबई ओस पडते आहे. नुसतं ठाणे पाहिलं तर पूर आला आहे. गिरण्या बंद झाल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, लालबाग-परळची कुटुंबं डोंबिवली, विरारकडे सरकली, ही एक सलग हकिगत तीन ओळी एकत्र वाचल्यावरच दिसते.

सातवी पायरी: नावावर नाही, कोडवर जुळवा

दोन तक्ते जोडताना जिल्ह्याच्या नावावर विसंबू नका. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत आपल्या रायगडचं स्पेलिंग 'रायगढ' असं आहे, आणि छत्तीसगडमध्येही रायगढ जिल्हा आहे. औरंगाबाद बिहारमध्येही आहे, आणि आपल्याकडच्याचं नाव आता छत्रपती संभाजीनगर. उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. नावावर जोडलेल्या फाइलीत यांतली एखादी ओळ गुपचूप रिकामी राहते किंवा त्याहून वाईट, दुसऱ्याच राज्याचा आकडा घेऊन बसते.

२०११ च्या जनगणनेत राज्याला दोन अंकी कोड आहे, जिल्ह्याला तीन अंकी, तालुक्याला पाच, गावाला किंवा शहराला सहा. महाराष्ट्र २७. जिल्हे देशभर ००१ ते ६४० असे सलग: ठाणे ५१७, मुंबई उपनगर ५१८, मुंबई शहर ५१९, रायगड ५२०. एक्सेलमध्ये फाइल उघडताना हे रकाने 'मजकूर' म्हणून घ्या, नाहीतर ००१ चा १ होतो आणि जुळणी तुटते. पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेचे कोड वेगळे आहेत. दोन्ही तीन अंकी दिसले म्हणून एकत्र करू नका. पालघरला २०११ चा कोड असणारच नाही.

आता २०२७ ची जनगणना येते आहे, संदर्भ क्षण, म्हणजे लोकसंख्या ज्या घडीची धरली जाते तो क्षण, १ मार्च २०२७ च्या शून्य तासाचा. प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवण्यात आल्या. त्या दिवशी जी हद्द होती तीच मोजणीला धरली जाईल. त्यामुळे तुमच्या कामाच्या भागासाठी आत्ताच एक तक्ता करून ठेवा. पहिल्या रकान्यात २०११ चा वॉर्ड किंवा तालुका, दुसऱ्यात त्याचा कोड, तिसऱ्यात आजच्या हद्दीत तो कशात येतो, चौथ्यात तो पूर्ण गेला की फुटला. जी-नॉर्थपुढे 'तसाच' लिहाल, पी-नॉर्थपुढे 'दोन भाग', वसईपुढे 'ठाण्यातून पालघरमध्ये'. नवे आकडे हाती आले की त्यातला कुठलाही रकाना शोधण्याआधी हा तक्ता उघडा.